मंचरची सावड

आमच्या ऑफिसच्या जिन्यात एक फळा होता. त्यावर रोज सकाळी तीन भाव लिहिलेले असायचे: कांदा, बटाटा आणि मेमरी. पहिले दोन मार्केट यार्डातून फोनवर यायचे आणि तिसरा इंटरनेटवरून, म्हणजे इंटरनेट चालू असलं तर. खाली कांद्याची वखार होती. तिथले हमाल जिन्यातल्या माठाचं पाणी प्यायला वर यायचे, फळ्याकडे बघायचे आणि "आज मेमरी बी पडली व्हय?" म्हणून हळहळायचे. मेमरी ही काय चीज आहे हे त्यांनी कधी विचारलं नाही. भाव पडला की कुणाचं तरी वाटोळं होतं, तेवढं त्यांना पुरेसं होतं.

तो फळा लिहिणारे भाऊ म्हणजे आमचे साहेब. त्यांना "सर" म्हटलेलं खपायचं नाही. "सर शाळंत. हितं भाऊ म्हना," असं ते पहिल्याच दिवशी सांगायचे, आणि विसरून कुणी सर म्हटलंच तर उत्तरच द्यायचे नाहीत. परदेशी साहेबही त्यांना फोनवर 'बाऊ' म्हणायचे.

भाऊ मंचरजवळच्या निरगुडसरचे. नव्वदच्या दशकात ते परदेशात एका मेमरी चिपच्या कारखान्यात होते. कॉम्प्युटरला आठवण लागते ती ज्या चिपमध्ये साठते, ती बनवणारा कारखाना. मेमरीचे भाव असे काही कोसळले की कंपनीने माणसं कमी करायला घेतली. बाकीचे भरपाई मागत होते, भाऊंनी काम मागितलं. चिप का बिघडते हे शोधायचं काम तुम्हाला इथं महाग पडतं ना, मग ते मला द्या, मी माझ्या गावाकडे बसून करतो, असं त्यांनी सांगितलं. कंपनीला पैसे वाचवायचेच होते, तिनं दिलं. सगळे म्हणाले पुण्यात जागा घ्या. भाऊंनी घेतली मंचरला, वखारीच्या माडीवर. कुणी कारण विचारलं की म्हणायचे, "पुन्याला जायला रस्ता लई मोठा केलाय. आमच्या पोरांना म्हागारी यायला कोन करनार?"

हा त्यांचा हट्टच होता. जुन्नर-आंबेगावातली शिकलेली पोरं नोकरीसाठी गाव सोडतात आणि मग फक्त जत्रेला दिसतात, याचा त्यांना मनापासून राग होता. आम्ही वीसेक जण त्यांच्याकडे होतो, सगळे याच दोन तालुक्यांतले. कळंबचा, नारायणगावची, थेट घाटघरचा एक जण. मी जुन्नरची. एस.टी.नं नारायणगावला यायचं आणि तिथून दुसरी गाडी धरायची.

माझी मुलाखत वखारीत झाली. मी एम.एस्सी. झालेली, इस्त्रीची साडी, हातात सर्टिफिकेटांची फाईल. भाऊंनी फाईल उघडलीच नाही. कांद्याच्या एका मोठ्या ढिगापाशी मला नेलं आणि म्हणाले, "ह्यातलं सडल्यालं बगा आन का सडलं ते सांगा." मला आला राग. वाटलं, हा माणूस चेष्टा करतोय. पण एस.टी.चे पैसे घालून आले होते, तेव्हा पदर खोचला आणि बसले. वरवर कुठंही सडलेले दिसत होते, पण ढीग जसा उपसत गेले तसं लक्षात आलं की ते एका रेषेत आहेत, वरपासून खालपर्यंत. मान वर केली तर बरोबर त्या रेषेवर पत्र्याला भोक. म्हटलं, "कांद्याचा दोष नाही, पत्रा गळतोय." भाऊ म्हणाले, "उद्यापास्नं या." वखारवाल्याला मात्र त्यांनी पत्र्याचं आधीच सांगून ठेवलं होतं. तो पत्रा मुद्दाम बदलत नव्हता, कारण भाऊंच्या अजून चार मुलाखती व्हायच्या होत्या.

काम खरोखर तेच होतं. कारखान्यात सिलिकॉनच्या पातळ तबकड्या बनतात, एकेका तबकडीवर शेकडो चिप. चांगली निघालेली चिप आमच्या पडद्यावर हिरवी दिसायची, बिघडलेली लाल. लाल ठिपके कुठं आणि कसे पडलेत यावरून कुठल्या यंत्राचं काय चुकतंय ते आम्ही सांगायचो. त्या तबकडीला वेफर म्हणतात. मंचरात 'वेफरचं काम' म्हटलं की लोकांना बटाटा आठवायचा. माझ्या सासऱ्यांनी तर तसंच समजून स्थळ पसंत केलं होतं, असं आमचे यजमान अजून सांगतात.

चाचण्यांना भाऊंनी गावांची नावं दिली होती. सगळ्यांत अवघड चाचणी, जिच्यात चिपला भरपूर तापवायचं आणि पिडायचं, तिचं नाव घाटघर. "तितला वारा ज्यानं खाल्ला, तो कुटंबी टिकतो," असं ते आमच्या घाटघरच्या इंजिनिअरकडे बघत म्हणायचे आणि तो बिचारा लाजायचा. पुढं तिकडचे गोरे-पिवळे इंजिनिअर फोनवर काळजीनं सांगू लागले, "आमचा माल घाटघरला नापास झाला." आम्ही तोंडाला रुमाल लावून हसायचो. पण खरं सांगते, ऊर भरून यायचा.

विजेचं तर विचारू नका. समोर पिठाची गिरणी होती. वीज जायच्या आधी दाब उतरायचा आणि गिरणीचा आवाज जड व्हायचा. ते आम्हाला कुणालाच ऐकू यायचं नाही, भाऊंना यायचं. परदेशी साहेबांशी इंग्रजीत गंभीर बोलणं चाललेलं असताना ते मधेच "सेव्ह करा रे!" म्हणून गरजायचे आणि पुढच्या क्षणी अंधार. पलीकडच्या साहेबांना वाटायचं, ही काहीतरी घोषणा आहे. एकदा त्यांच्यातल्या एकानं बैठक संपताना अगदी आदरानं "सेव कारा रे" म्हटलं होतं.

आता ढवळ्या-पवळ्याचं सांगायला हवं.

ज्या कंपनीनं आम्हाला काम दिलं तिचं नाव भाऊंनी ठेवलं होतं ढवळ्या. ती जुनी, जाणती. चिप आणखी बारीक कशी करायची याचं ज्ञान तिच्याकडे, पण खिसा रिकामा. दुसरी कंपनी पवळ्या. ती नवी, बँकांनी पैसा ओतलेला, कारखाना कोरा करकरीत, पण आत काय शिजवायचं ते ठाऊक नाही. एरवी या दोघी एकमेकींच्या जिवावर उठलेल्या. भाव पडले आणि त्यांनी करार केला: ज्ञान ढवळ्याचं, कारखाना पवळ्याचा, आणि तिथं निघणाऱ्या मालातला निम्मा ढवळ्याला. पुढच्या पिढीची चिप दोघींनी मिळून काढायची, खर्च निम्मा-निम्मा. ही नावं कानावर पडून परदेशी साहेबांनी अर्थ विचारला तेव्हा भाऊ म्हणाले, "आमच्याकडची मानाची नावं आहेत." ते काही खोटं नव्हतं.

"मेमरी म्हंजी कांदाच," ते आम्हाला समजावायचे. "समद्यांचा माल एकदम येतो, आन ठिवला की सडतो."

"चिप कुठं सडते भाऊ?" मी म्हणायची.

"न्हाई कशी? वरीसभरात तिच्या दुप्पट आठवन ठिवनारी तेवढ्याच पैशात येती. मंग ही सडलीच की. बरं, यंत्रं बंद ठिवावी तर बँकंचा हप्ता थांबत न्हाई. म्हनून पडत्या भावात बी माल काढायचा, आन समदेच काढत्यात म्हनून भाव आनखी पडतो. एकल्याचं काम न्हाई ते. मंग वैऱ्याच्या बैलासंगं आपला बैल जुपायचा."

आमच्याकडे याला सावड म्हणतात. एकाच बैलावर औत चालत नाही आणि दोन पोसायची ऐपत नसते, तेव्हा दोघं शेतकरी आपापला एकेक बैल जोडतात आणि पाळीपाळीनं दोघांची रानं उरकतात. भाऊंनी स्वतः निरगुडसरला एकच बैल पाळला होता. गावात ट्रॅक्टर आले होते, लोक त्यांना हसायचे. शेजारच्या रानातले तात्या, वयानं भाऊंपेक्षा थोरले आणि बोलायला कंजूष, त्यांचाही एकच बैल. या दोघांची सावड पंचक्रोशीत शेवटची असावी. भाऊंना ट्रॅक्टर परवडत नव्हता असं नाही. "सावडीत मानूस मानसाला बांधल्याला ऱ्हातो. ट्रॅक्टर भाडं घेतो आन जातो," असं त्यांचं म्हणणं.

ढवळ्या-पवळ्याची जोडी कायमची टिकली असंही नाही. काही वर्षांनी जगभरच पैशाची ओढाताण झाली तेव्हा ती सुटलीच, आणि आम्हीही पांगलो. पण मी सांगतेय ती गोष्ट त्याच्या बरीच आधीची, जोडी पहिल्यांदा मोडायला आली होती तेव्हाची.

मेमरीचा भाव फळ्यावर रोज खाली चालला होता. नव्या पिढीची चिप तयार होत आली होती आणि भांडण एकाच गोष्टीवर अडलं होतं: ती आधी कुणाच्या कारखान्यात काढायची? ढवळ्याचाही एक जुना कारखाना होता, तो त्यांनी डागडुजी करून तयार केला होता. पहिल्या तोडीला भाव मिळतो, मागाहून येणाऱ्याला माती, हे काय त्यांना कळत नव्हतं? ढवळ्या म्हणे, ज्ञान आमचं, मान आमचा. पवळ्या म्हणे, पैसा आमचा. जमलं नाही तर करार मोडणार, पुढचं संशोधन बंद होणार आणि तपासायला काही उरलं नाही की मंचरचं ऑफिसही बंद. हे भाऊंनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. पुण्याला खोल्या किती भाड्यानं मिळतात याची चौकशी पोरांनी सुरूही केली होती.

दोन्ही कारखान्यांच्या तबकड्या आमच्याच पडद्यावर होत्या. आणि पंचाईत अशी की बी ढवळ्याचं, पण उगवलं होतं पवळ्याच्या रानात. पवळ्याची तबकडी हिरवीगार. ढवळ्याची कडेनं सगळी लाल. त्यांची जुनी यंत्रं अजून सुधारायची होती. आणि आमचा पगार ढवळ्याकडून.

दिवाळीआधी दोन्हीकडचे पाहुणे निकाल बघायला येणार असं ठरलं. ढवळ्याकडून एक बाई, पवळ्याकडून एक गृहस्थ. आदल्या दिवशी भाऊ माझ्या टेबलाशी आले.

"लाल जरा कमी दिसंल आसं करता यील का वो?"

"येईल की," मी म्हटलं. "सडके कांदे खाली घालून वर चांगले रचतातच लोक."

भाऊ आपल्या टेबलाकडे गेले. दुपारी त्यांनी स्वतः बसून लाल कशाला म्हणायचं ती मर्यादा सरकवली आणि ढवळ्याच्या तबकडीवरचं बरंचसं लाल पिवळं केलं. पिवळं म्हणजे शंकास्पद, चालून जाण्यासारखं. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही. पण त्यांचा चेहरा बघून माझा राग फार टिकलाही नाही. वीस पोरांचं बिऱ्हाड त्या माणसानं डोक्यावर घेतलं होतं.

पाहुणे आले ते हायवेच्या गर्दीत अडकून, घामाघूम. एकमेकांकडे बघतही नव्हते. भाऊंनी ठरवलं की निकाल दाखवण्याआधी त्यांना सावड दाखवायची. दोघांना आणि मला गाडीत घालून निरगुडसरला नेलं. घरी मासवडीचं जेवण झालं आणि मग आम्ही रानात गेलो.

चार दिवसांपूर्वी परतीचा पाऊस झाला होता. भाऊंचं रान काळं, भारी, पाणी धरून ठेवणारं. तात्यांचं जरा हलकं, मुरमाड. पाऊस झाल्यावर माती ओली चिखलही नाही आणि कोरडी ठणठणीतही नाही अशी होते, त्याला वापसा म्हणतात. तो आल्याशिवाय शहाणा माणूस औत धरत नाही. त्या वर्षी पहिली पाळी भाऊंची होती. त्यांनी दोन्ही बैल जुंपून ठेवायला लावले होते, आपल्याच रानात. पाहुणे बांधावर उभे, तात्या बैलांपाशी. भाऊंनी औताला हात घातला आणि बैल हाकले.

दहा-बारा पावलांत फाळाला चिखल लगडला. ओल्या ढेकळांच्या लाद्या उलथून पडायला लागल्या. एकदा त्या उन्हात वाळल्या की दगड होतात आणि हंगाम हातचा जातो. मी शेतकऱ्याची मुलगी, मला दिसत होतं. भाऊंना दिसत नव्हतं असं कसं म्हणू? पण पाहुणे आले होते, पाळी आपली होती, आणि माणसाला मान आवरत नाही.

तात्या पुढं झाले आणि आपल्या बैलाची वेसण धरली.

"थांबा. वापसा न्हाई आला."

"तात्या, पावणं आल्यात."

"पावन्यांना काय चिखल खायला घालताय? रान तुमचं नासंल, आन माझा बैल उगा पाय मोडून घिल. मी न्हाई घालनार."

"पाळी माजी हाय!"

"पाळी तुमची आसंल. रान आयकत न्हाई ना."

तात्यांनी आपला बैल जू काढून मोकळा केला. भाऊंचा चेहरा लालभडक झाला. "मंग मोडली सावड आसं समजा," ते ओरडले. तात्या शांतपणे म्हणाले, "तुमी समजा. मी न्हाई समजत." आणि बैल घेऊन आपल्या रानाकडे गेले.

बांधावरच्या बाईंनी मला विचारलं, काय झालं? मी काही तरी गुळमुळीत सांगणार होते. भाऊच चिखलातून वर आले आणि त्यांनी इंग्रजीत सगळं सांगितलं, काही न लपवता. पाळी माझी होती, जमीन तयार नव्हती, मला तुमच्यापुढं मिरवायचं होतं, आणि तो शेजारी बरोबर आहे. मग थोडं थांबून म्हणाले, माझ्या बैलाला घेऊन त्याच्याकडं जातो, त्याचं रान तयार आहे. आणि खरंच गेले. मातीनं भरलेल्या पायांनी तात्यांच्या रानात जाऊन त्यांनी आपला बैल जुंपला. दोघं मिळून औत चालवू लागले. तिथली माती भुसभुशीत मोकळी होत गेली.

पवळ्याच्या गृहस्थांनी विचारलं, याचं झाल्यावर हा आपला बैल घेऊन दुसरीकडं भाड्यानं गेला तर? मी सांगितलं, ते चालत नाही. ज्याचं आधी झालं त्यानं दुसऱ्याचं रान होईपर्यंत बैल ना विकायचा, ना भाड्यानं द्यायचा. बाईंनी विचारलं, हे कुठं लिहिलेलं असतं? म्हटलं, कुठंच नाही. त्यांनीच पुढं विचारलं, आणि माझं रान वापशाला यायच्या आत पुन्हा पाऊस आला तर? मी म्हटलं, मग तुमच्या घरात शेजाऱ्याचं धान्य येतं. या उत्तरानंतर दोघं पहिल्यांदा एकमेकांशी बोलले. काय ते मला कळलं नाही.

संध्याकाळी आम्ही ऑफिसात आलो. भाऊंनी हातपायही धुतले नव्हते. त्यांनी ढवळ्याची तबकडी पडद्यावर लावली आणि पाहुण्यांच्या देखत मर्यादा पहिल्या जागी सरकवली. पिवळ्याचं लाल झालं. "हे काल मी पिवळं केलं होतं," ते म्हणाले. "माझ्या पोरांचा यात हात नाही. तुमचा कारखाना अजून तयार नाही, बाई. यांचा आहे." ढवळ्याच्या बाईंनी वही मिटली, पर्स उचलली आणि निरोपही न घेता खाली जाऊन गाडीत बसल्या.

मग नुसतं थांबणं. ढवळ्याकडून ना फोन, ना पत्र. भाऊ फळा लिहायचे तेवढे लिहायचे आणि दुपारी निरगुडसरला निघून जायचे. त्यांनी केलं ते योग्य होतं यात मला शंका नव्हती, पण योग्य वागून पोट भरतं असं काही मी पाहिलेलं नव्हतं.

शेवटी एका दुपारी फोन वाजला आणि मीच उचलला. ढवळ्याच्या बाई होत्या. त्या बोलत गेल्या आणि मी हातातल्या कागदावर लिहून घेत गेले. फोन ठेवला आणि घाटघरच्या इंजिनिअरला म्हटलं, स्कूटर काढ.

निरगुडसरला पोचलो तर भाऊंच्या काळ्या रानात दोन्ही बैल जुंपलेले. वापसा आला म्हणून तात्या सकाळीच न बोलावता बैल घेऊन हजर झाले होते. औत भाऊंच्या हातात, तात्या पुढं चालत होते. मी बांधावरून ओरडले, "भाऊ! फोन आला!" ते थांबले नाहीत. धरलेली तासाची ओळ बांधापर्यंत नेली, बैल उभे केले, मगच वळले.

"बोला."

"पवळ्याचा कारखाना आधी. ढवळ्याचा तयार होईस्तोवर त्यांना निम्मा माल, आणि तोवर पवळ्यानं दुसऱ्या कुणाशी करार करायचा नाही."

"आन आपलं?"

"कुणाचा कारखाना तयार आहे ते इथून पुढं फक्त मंचरनं सांगायचं. दोघांचा एकमेकांवर भरवसा नाही, पण आपल्यावर आहे म्हणाल्या. पैसे दोघं देणार, निम्मे-निम्मे."

"परत सांगा."

मी परत सांगितलं. भाऊंनी औताच्या रुमण्याच्या मुठीवर डोकं टेकलं आणि मोकळेपणी रडले. मीही रडले. मला आजही त्या माणसाचा इतका अभिमान आहे की ही गोष्ट मी कुणालाही, कधीही, न विचारता सांगते.

तात्या दोन्ही बैलांच्या मधोमध उभे होते. त्यांनी मला विचारलं, "काय वो बाई, काय झालं?"

मला ढवळ्या, पवळ्या, चिप, कारखाने यातलं काय सांगावं ते सुचेना. मी म्हटलं, "ऑफिस चालू राहणार, तात्या."

"म्हंजी पोरं हितंच ऱ्हानार?"

"इथंच."

"मंग झालं तर," तात्या म्हणाले, आणि त्यांनी बैल वळवले.